एल्डरची पत्रं

फाल्गुन लागला की दुपारी तीनच्या सुमाराला खाडीकडून वारा सुटतो. मी आता सहाव्या मजल्यावर राहते, मुलुंड पूर्वेलाच, आणि आमच्यापुढे आणखी चार उंच इमारती उभ्या आहेत. तरी तो वाट काढत येतो. कोरडा, किंचित तुरट. पडदे हलतात, वर्तमानपत्राचं पान आपोआप उलटतं, आणि ओठांवरून जीभ फिरवली तर खारट लागतं. निदान मला लागतं. मुलगा म्हणतो, "आई, इथलं मिठागर बंद होऊन किती वर्षं झाली. कसलं मीठ नि कसलं काय!" त्याचं बरोबर आहे. पण मी खुर्ची खिडकीजवळ ओढते.

त्या वाऱ्याबरोबर माझ्याकडे दर वर्षी एकच उन्हाळा येतो. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचा. त्या उन्हाळ्यात आमच्या मागच्या खोलीत दोन एल्डर राहत होते.

आमचं घर तेव्हा नवघरच्या आतल्या बाजूला होतं. कौलारू, पुढे ओटा, मागे अंगणापलीकडे एक सुटी खोली. अप्पा मिठागराच्या कचेरीत कारकून. आई मालवणकडची, मुंबईत तीस वर्षं काढली तरी बोलणं तिकडचंच राहिलं. मी पालिकेच्या सकाळच्या शाळेत शिकवायचे आणि चोविसाव्या वर्षी लग्नाच्या बाजारात जरा शिळी समजले जात होते. माघाच्या शेवटी एका ओळखीच्या डॉक्टरांनी अप्पांना विचारलं, मागची खोली भाड्याने देणार का, दोन सभ्य मुलं आहेत, दारू-सिगारेट काही नाही. अप्पा हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी दारात दोघं उभे. पांढरे अर्ध्या बाह्यांचे शर्ट, टाय, छातीवर काळी पट्टी. एक उंच, गोरा, उन्हाने नाक सोललेला. दुसरा सावळा, बुटका, गोल चेहऱ्याचा, राजमुंद्रीचा.

ते अमेरिकेतल्या एका पंथाचे प्रचारक होते. त्या पंथातली पोरं एकोणीस-वीस वर्षांची झाली की दोन वर्षांसाठी घर सोडतात आणि पाठवतील त्या मुलखात जाऊन आपल्या धर्माचं सांगतात. गोऱ्याच्या पट्टीवर लिहिलं होतं एल्डर ॲलन, सावळ्याच्या, एल्डर जोसेफ. अप्पांनी विचारलं, "एल्डर म्हणजे?" जोसेफ म्हणाला, "बडा, सर. थोरला." अप्पा हसत सुटले. "एकोणीस वर्षांचा थोरला! मग आम्ही कोण?" पण लगेच गंभीर झाले आणि अट घातली, "हे बघा, घरात धर्माचं बोलायचं नाही. आम्ही देवासमोर दिवा लावतो, तेवढा आम्हाला पुरतो." ॲलनने मान डोलावली. पुढच्या तीन महिन्यांत त्यांनी ती अट एकदाही मोडली नाही.

आईचा प्रश्न वेगळा होता. चहा पुढे केला, ते नको म्हणाले. कॉफी केली, तीही नको. पंथाचा नियम. आई कप हातात धरून तशीच उभी राहिली. "चाय नाय, कॉफी नाय, मगे घराक इलेल्या माणसान पिवचा तरी काय?" शेवटी कोकमाचं सरबत निघालं. ॲलनने पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि ग्लास रिकामा केला. त्या क्षणी आईने त्याला माफ केलं.

त्यांचा दिवस मी आजही सांगू शकते. साडेसहाला उठायचं. बादलीभर गार पाण्याने आंघोळ, मग खोलीत बसून वाचन. ॲलनचा आवाज खालचा, जोसेफचा मोठा. दहाला बाहेर. एकाला जेवायला परत, तास-दीड तास घरात, आणि मग थेट रात्रीपर्यंत पायपीट. कुठेही जायचं तर दोघांनी. कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकायलाही दोघं. अप्पा त्यांना बैलजोडी म्हणायचे. घरी फोन वर्षातून दोनदाच. सिनेमा नाही, मुलींशी एकट्याने बोलणं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास, पाण्याचा थेंबही नाही. हे कळल्यावर आईने त्यांच्याविषयी नवाच आदर दाखवायला सुरुवात केली. निर्जळी करणारी पुरुषमाणसं तिने तोवर पाहिली नव्हती.

सोमवारी त्यांना सुट्टी. सकाळी धुणं. मागच्या अंगणात दोरीवर ओळीने पांढरे शर्ट वाळत असायचे आणि दोरीपलीकडे, दूर, मिठागरातले मिठाचे ढीग. भर दुपारी दोन्हीकडे बघवत नसे. संध्याकाळी मात्र ते ढीग आधी पिवळट, मग गुलाबी, मग निळसर होत जायचे, आणि शर्टही तसेच, जणू सगळं एकाच कापडाचं. मी वह्या तपासता तपासता बघत बसायचे. एखादी वही तपासायची राहूनच जायची.

सोमवारी दुपारी पत्रं. ॲलन निळ्या हवाई पत्रावर बारीक अक्षरात आईला लिहायचा, कडा उरतील तिथेही आडवं लिहायचा. त्याची आई दर रविवारी लिहायची. तिचं पत्र मुलुंडला पोचायला साधारण सतरा दिवस लागत. पोस्टमन जाधव अडीचच्या सुमाराला फाटक वाजवायचे आणि ओरडायचे, "एल्डरसाब, अमेरिका!"

मी त्याला मराठी शिकवायचे. दुपारी जेवणानंतर ओट्यावर, पहिलीचं पुस्तक घेऊन. आई दारात तांदूळ निवडत बसलेली, जोसेफ खांबाला टेकून पेंगत. ॲलन मला सिस्टर म्हणायचा. त्यांच्यात सगळ्या बायकांना तसंच म्हणतात. शेजारच्या बायकांना वाटलं मी नर्स झाले. त्याला वाचायला लवकर आलं. बोलणं मात्र तो दूधवाल्याकडून शिकला, त्यामुळे कुठलाही पदार्थ वाढला की म्हणायचा, "झकास!"

नकार ऐकणं हे त्याचं रोजचं काम होतं. आमचे लोक तोंडावर नाही म्हणत नाहीत. "साहेब घरात नाहीत," "बघू," "नंतर या." सुरुवातीला ते त्याला समजलंच नाही. तो छोट्या वहीत नाव लिहायचा, पुढे लिहायचा "नंतर", आणि आठवड्याने खरंच त्या दारात जाऊन उभा राहायचा. म्हाडा कॉलनीतल्या एका बाईंनी त्याला तिसऱ्यांदा बघितलं आणि बिचाऱ्यांनी स्वतःच ओशाळून त्याला पोहे खाऊ घालून पाठवलं.

"आज किती?" मी विचारायचे.

"अकरा," तो म्हणायचा. "तुम्हाला?"

कारण त्याला माझंही कळलं होतं. दर पंधरवड्याला कुणीतरी मला बघायला यायचं. मी पोहे द्यायचे, नाव सांगायचे, आणि चार दिवसांनी निरोप यायचा. उंची जास्त. रंग कमी. नोकरी करते म्हणजे घरात लक्ष नसणार. त्याच सुमाराला डोंबिवलीचं एक स्थळ मात्र हो म्हणालं, लग्नानंतर शाळा सोडायची या बोलीवर. आई-अप्पांचा जीव भांड्यात पडला. मला रात्री झोप येईना. वर्गातली पन्नास डोकी डोळ्यांसमोर यायची.

एका दुपारी मी ते धड्याच्या मध्येच बोलून गेले. आई पापडखार आणायला गेली होती; जोसेफ मात्र जागा होता. ॲलन थोडा वेळ शब्द जुळवत राहिला. "तुम्ही त्यांना नाही का म्हणत नाही?"

"आमच्याकडे मुलीने नाही म्हणायचं नसतं. फार तर, बघू म्हणायचं. वेळ काढायचा."

"पण," तो अगदी काळजीने म्हणाला, "त्यांनी वहीत लिहून ठेवलं, तर?"

जोसेफ खो खो हसला. मीही हसले. हसू ओसरल्यावर मात्र लक्षात आलं, ते लोक खरोखरच येणार होते, हार-तुरे घेऊन. त्या संध्याकाळी मी अप्पांना सांगितलं, मला हे स्थळ नको, मी शाळा सोडणार नाही. आईने दोन दिवस अबोला धरला. अप्पा म्हणाले, "आधी का नाही बोललीस गं?" आणि डोंबिवलीला स्वतः जाऊन आले.

होळी झाली, शिमग्याची राख उडाली. करंजाची फुलं अंगणात लाह्यांसारखी पडायला लागली. मिठागरात वाफ्यांवर सकाळी साय धरायची आणि दुपारपर्यंत तिचे दाणे व्हायचे. एका सोमवारी अप्पांनी दोघांना ते दाखवायला नेलं. बायका लाकडी फावड्यांनी मीठ ओढत होत्या. गुडघ्यापर्यंत पाय पांढरे. ॲलनने एक खडा जिभेवर ठेवला आणि सांगितलं की त्याच्या गावापासून दोन तासांवर एक भलंमोठं खारं सरोवर आहे, इतकं खारं की त्यात माणूस बुडत नाही. लहानपणी आई त्याला त्यात पाठीवर तरंगायला शिकवायची. अप्पांनी घरी येऊन आम्हाला ते दोनदा सांगितलं. बुडत नाही म्हणजे काय, आई विचारत राहिली.

त्यानंतरच्या शनिवारी तार आली.

बाराचा सुमार. मी नुकतीच शाळेतून आले होते. तार एल्डर ॲलनच्या नावाची होती, पण त्या काळी तार म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक असायचं, म्हणून अप्पांनी ती उघडली. त्याची आई गुरुवारी गेली होती. हृदय. पन्नाशीसुद्धा झाली नव्हती. घरी फोन कर, एवढंच पुढे.

अप्पांनी सायकल काढली. "नव्वद फूट रोडला असतील. घेऊन येतो." आणि ते त्यांना शोधायला गेले, आणि ते दोघं दुसऱ्याच रस्त्याने एकाच्या ठोक्याला घरी आले. हसत. एका आजोबांनी त्यांना आत बोलावून तासभर आपल्या मोतीबिंदूविषयी सांगितलं होतं. मी तार पदराखाली धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी. आईने माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "आदी जेवान दी. पोटात दोन घास जावंदेत. मगे सांगू."

आमच्याकडची ती रीत. वाईट बातमी उपाशी पोटावर सांगत नाहीत. एकदा सांगितली की मग कित्येक वेळ अन्न नाही. आईने त्या दिवशी त्यांना आमच्या घरातच वाढलं. भात, आमटी, सुकटीची चटणी. ॲलनला नवल वाटलं असेल, पण तो खुशीत होता. आमटी दुसऱ्यांदा मागितली. "झकास!" म्हणाला, आणि मला म्हणाला, "सिस्टर, आज नकार फक्त चार!" मी त्याच्याकडे बघू शकले नाही. पाण्याचा तांब्या आणायच्या निमित्ताने आत गेले आणि तिथेच उभी राहिले. बाहेर ताटावर बोटं घासल्याचा आवाज येत होता.

अप्पा घामाघूम होऊन परत आले. त्यांनी त्याला ओट्यावर बसवलं, तार त्याच्या हातात दिली आणि शेजारी बसले. तो कितीतरी वेळ कागदाकडे बघत राहिला. एवढुसा कागद, तो संपेचना. मग त्याने मान वर केली आणि पहिलं वाक्य बोलला ते इंग्रजीत, आईकडे बघून. मी त्याचा अर्थ आईला सांगितला नाही, पण तिला कळला. तो म्हणाला होता, "तुम्हाला माहीत होतं. मी हसत होतो आणि तुम्हाला माहीत होतं."

आई आत गेली. चुलीसमोर पाठमोरी बसून राहिली.

डॉक्टरांच्या घरून ट्रंक कॉल लागायला संध्याकाळ झाली. त्याचे वडील म्हणाले, निघालास तरी दफनाला पोचणार नाहीस. यायचं असलं तर ये, मी कुणाला काही बोलू देणार नाही. राहायचं असलं तर राहा. तिला तू दोन वर्षं पुरी करावीस असं वाटत होतं. तुझं तू ठरव. रविवारभर खोलीचं दार बंद होतं. सोमवारी सकाळी जोसेफने येऊन सांगितलं, तो राहतोय.

आईला ते सहन होईना. "आवस गेली आणि पोरगो घराक जाणा नाय? ह्यो कसलो देव?"

अप्पा म्हणाले, "देवाचं सोड. माझे वडील गेले तेव्हा मी कुठे होतो? पावसाळा. आगबोटी बंद. मी गावाला पोचलो तो तेराव्याला, जेवणावळीच्या दिवशी. मी काय माझ्या मर्जीने राहिलो होतो?" आमच्या घरात ते त्यापूर्वी कधी कुणी बोललं नव्हतं.

दहा दिवस आईने त्यांच्या खोलीत स्टोव्ह पेटू दिला नाही. दोन्ही वेळा भात-पिठलं झाकून न्यायची, उंबऱ्यावर ठेवायची, आणि न बोलता परत यायची. जोसेफ रिकामी भांडी घासून आणून द्यायचा. ॲलन जेवत होता, सकाळी बाहेर पडत होता, पट्टी लावत होता. आईच्या डोळ्याला डोळा मात्र देत नव्हता.

पहिल्यांदा लक्षात आलं ते जोसेफच्या. अंगणात भांडी घासता घासता तो थांबला आणि म्हणाला, "सिस्टर, लेटर्स. अजून येतील."

खरंच. सतरा दिवस. त्या बाईंनी गेल्या दोन-तीन रविवारी लिहिलेलं सगळं अजून वाटेत होतं, कुठल्या तरी विमानात, कुठल्या तरी पोत्यात. त्याच्या आईला अजून आपण गेल्याचं ठाऊक नव्हतं, असं काहीतरी माझ्या मनात आलं.

मंगळवारी फाटक वाजलं. "एल्डरसाब, अमेरिका!" पोस्टमन जाधवांना कुठे काय माहीत! ॲलन आत तोंड धूत होता. पाकीट माझ्या हातात. वळणदार, उजवीकडे झुकलेलं अक्षर. मी आईकडे बघितलं. आज नको, जरा सावरू दे, असं ती म्हणेल असं मला वाटलं. तिने हात पुसले. "आता लपवूचा नाय," ती म्हणाली. "भायर इलो की लगेच दी तेका."

मी दिलं. त्याने शिक्का बघितला, तारीख बघितली, आणि खोलीत न जाता तिथेच पायरीवर बसून उघडलं. वाचता वाचता तो एकदा हसला. आम्ही दोघी आतून बघत होतो. मग त्याने मला सांगितलं, आई विचारते, तिथे ऊन कसं आहे, मोजे पुरतात का, आणि जोसेफ घोरतो का अजून. पुढच्या सोमवारी त्याने वडिलांना पत्र लिहिलं त्यात या तिन्ही प्रश्नांची उत्तरं लिहिली. विचारलं होतं म्हणून.

दुसरं पत्र आठवड्याने आलं. त्यात तिने अंगणातल्या जर्दाळूला कळ्या आल्याचं लिहिलं होतं. ते तिचं शेवटच्या रविवारचं. त्यानंतर आठवडा कोरडा गेला. अडीच वाजले की तो ओट्यावर यायचा, उगाच पुस्तक उघडायचा, आणि फाटकाशी जाधव न थांबता पुढे गेले की मिटायचा. मला वाटलं, संपलं. त्यालाही तसंच वाटलं असणार.

पण चैत्रात, कैऱ्या बाजारात आल्या तेव्हा, तिसरं आलं. पाकिटावरचं अक्षर वडिलांचं होतं. आत काय असेल ते त्याला कळलं असावं, कारण त्याने ते उघडलं नाही. चार दिवस शर्टाच्या खिशात ठेवून फिरला. खिसा घामाने ओला व्हायचा. पाचव्या दिवशी संध्याकाळी तो अप्पांना म्हणाला, "मिठाकडे जाऊ?"

तिघं गेले. जोसेफ जरा लांब बांधावर बसला, दिसेल इतकाच. ॲलन आणि अप्पा पार शेवटच्या वाफ्याशी. अप्पा घरी येऊन पाणी प्याले, टोपी खुंटीला अडकवली आणि आईला म्हणाले, "पत्र अर्धंच आहे गं. बुधवारी लिहायला घेतलं होतं तिने. 'काल मी' असं लिहून थांबलीय. बापाला टेबलावर सापडलं, त्याने तसंच पाठवलं. पुढे एक अक्षर जोडलं नाही."

आई भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा मी उठून ती काढली.

पुढचं सगळं कसं झालं ते इथेच सांगून टाकते. मेच्या अखेरीस दोघांच्या बदल्या झाल्या. ॲलनने दोन वर्षं पुरी केली आणि तो घरी गेला. काही वर्षं त्याची पत्रं येत राहिली, शेवटपर्यंत मराठीत, चुका करत. शेतीला पाणी पुरवणाऱ्या खात्यात तो लागला, लग्न झालं, तीन मुली झाल्या. जोसेफ राजमुंद्रीला शाळामास्तर झाला. मी तीन वर्षांनी माझ्याच शाळेतल्या एका मास्तरांशी लग्न केलं. त्यांनी मला बघायला येताना पोहे स्वतःच आणले होते. अप्पा गेले, मग आई. कौलारू घराच्या जागी इमारत आली. धर्माचं म्हणाल तर आमच्यातलं कुणी इकडचं तिकडे झालं नाही. देवासमोर दिवा लागतच राहिला.

पण वारा सुटला की मला दिसतं ते यातलं काहीच नाही. दिसते ती त्या अर्ध्या पत्रानंतरच्या आठवड्यातली दुपार.

त्याआधी दोन दिवस आईने माझ्याकडून एक अंतर्देशीय पत्र मागून घेतलं होतं. ती चौथी शिकलेली. गावी पत्र पाठवायचं तर मीच लिहायचे, ती सांगायची. या वेळी माझी पेन्सिल घेऊन ती कोठीच्या खोलीत बसली. "मी लिहितंय. तू नको बघू." मी विचारलं, त्याच्या आईचं पत्र पुरं करतेस की काय? ती रागावली. "तां पुरां करणारी मी कोण? मी माझां लिहितंय." मग पदर डोक्यावर घेऊन, उन्हात, एकटी पोस्टात जाऊन पेटीत टाकून आली. आमच्या पुढच्या दारापासून त्याच्या खोलीपर्यंत पंचवीस पावलं होती.

अडीच वाजता फाटक वाजलं. या वेळी जाधव अमेरिका ओरडले नाहीत. पत्र उलटसुलट करत, गोंधळून म्हणाले, "एल्डरसाब, हे... मुलुंडहून मुलुंडला आहे."

ॲलनने ते घेतलं. पेन्सिलीतली मोठी, वेडीवाकडी अक्षरं. तो पायरीवर बसला. मी मदतीला पुढे झाले तर म्हणाला, "नको. मी." आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत मोठ्याने वाचायला लागला. आई दाराच्या आड उभी होती. मला फक्त तिच्या लुगड्याचा काठ दिसत होता. वाचायला त्याला अर्धा तास लागला असेल.

"चि. एल्डर यास आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, कारण काय नाय. ऊन खूप आसा. काल पापड घातलंय, कावळ्यान दोन खाल्ल्यान. तुमच्या खोलयेतलो नळ गळता, तां ह्यांका सांगितलंय. जोसेफ कमी जेवता, तेच्यावर लक्ष ठेव. त्या दिवशी तुका आदी जेवूक घातलंय आणि मगे सांगितलंय. चुकलंय काय बरोबर केलंय, माका अजून कळणा नाय. तुका राग इलो तो बरोबर. माझ्यावर राग धर, पण जेवणावर धरू नको. येळेवर जेव, झिला."

तो तिथे थांबला. खाली आणखी काही नव्हतं. जोसेफ खांबाला टेकून जमिनीकडे बघत होता. ॲलनने शेवटच्या शब्दावर बोट तसंच ठेवलं.

"सिस्टर, हे काय? झि... ला. पुस्तकात नाही."

मी सांगायला तोंड उघडलं. मुलगा, लेक, मालवणीत मुलाला असं म्हणतात, असं काहीतरी. त्याआधीच दाराआडून आईचा आवाज आला. "अर्थ कसलो तेका? साद ती."

"ती म्हणते, याला अर्थ नाही," मी म्हटलं. "हाक आहे. आपल्याला कुणी बोलावतं ना, तशी."

वाऱ्याने पत्राची घडी फडफडत होती, ती त्याने हाताने दाबून धरली.

"मग उत्तर काय द्यायचं?"

"ओ म्हणायचं."

तो दाराकडे वळला. कितीतरी दिवसांनी त्याने तिकडे सरळ बघितलं.

"ओ," तो म्हणाला.